वजनकाट्याआधी टेप हातात घ्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडताना मधूनच एक गुळगुळीत कागद खाली पडतो. ‘१५ दिवसांत १० किलो वजन कमी. डाएट नाही, व्यायाम नाही. गॅरंटी.’ खाली आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मोबाईल नंबर. हाच मजकूर लोकलच्या डब्यात दाराशेजारीही चिकटवलेला असतो. मुंबईत लठ्ठपणा, मधुमेह आणि आहार या विषयांत रोज काम करणारे आम्ही काही डॉक्टर व आहारतज्ज्ञ हे पत्र लिहीत आहोत. या कागदाने पैसे जातात ते जातातच. पण वाईट हे, की माणसाची नजर काट्यावर खिळून राहते आणि खरा धोका जिथे असतो त्या पोटाच्या घेराचे माप घ्यायचे राहूनच जाते.

आधी हिशेब. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी (बोलण्यात आपण यांनाच कॅलरी म्हणतो) साठवलेल्या असतात. दहा किलो म्हणजे ७७,०००, आणि पंधरा दिवसांनी भागले तर रोजच्या पाच हजारांहून जास्त. बैठे काम करणाऱ्या माणसाचे शरीर दिवसाला दोन हजारांच्या आसपास जाळते. त्याने पंधरा दिवस पाण्यावर काढले तरी चार किलो चरबीही जळणार नाही. मग काट्यावर जे उतरलेले दिसते ते काय? यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे एकदम तोडले की पहिल्याच आठवड्यात हे दीड-दोन किलो निघून जाते. उरलेले काम लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुलाबाची चूर्णे आणि घामाचे पट्टे करतात. त्यानंतर झिजतो तो स्नायू. जेवण पूर्ववत झाले की पाणी परत येते, चरबी परत येते, स्नायू मात्र सहजासहजी परत येत नाही. वर्षभराने वजन पुन्हा तेवढेच भरते, पण त्यात चरबीचा वाटा आधीपेक्षा जास्त असतो.

चरबी हा स्वतः शत्रू नाही. कातडीखालची चरबी म्हणजे शरीराचे कोठार. जास्तीची ऊर्जा तिथे नीट रचली जाते तोवर फारसे बिघडत नाही. बिघाड सुरू होतो तो कोठार भरून वाहू लागल्यावर. मग चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंच्या पेशींत जाऊन बसते. पोटातल्या या चरबीतून सुटणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) बरीचशी थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते, रात्रभर गरज नसताना साखर तयार करत राहते, आणि स्वादुपिंडाला तेच काम करायला दुप्पट इन्सुलिन ओतावे लागते. हे दहा-दहा वर्षे चालू शकते, तेही रक्तातली साखर ‘नॉर्मल’ दिसत असताना.

आपल्याकडे हे कोठार मुळात लहान असते, आणि हे दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांमध्येही हेच दिसले. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव त्या मानाने बरेच कमी भरले, चरबी मात्र जवळपास राखलेली. म्हणजे हाडकुळा दिसणारा माणूसही आतून लठ्ठ असू शकतो. ‘आमच्यात कोणी जाडं नाही, मग शुगर कशी आली?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

म्हणून आपल्यासाठी आकडे वेगळे आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. पाच फूट तीन इंच, म्हणजे १.६० मीटर उंचीला हे अनुक्रमे ५९ आणि ६४ किलो होतात. बऱ्याच मोबाईल ॲपमध्ये आणि जिममधल्या तक्त्यांवर अजून २५ आणि ३० हेच आकडे असतात, आणि याच उंचीच्या ६३ किलोच्या बाईला ते ‘सगळे ठीक’ सांगून घरी पाठवतात. त्यातही बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पोटाचा घेर त्याहून खरे बोलतो. त्याची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या थोडे आत, आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. एवढेही लक्षात राहत नसेल तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा इतके पुरे. पाच फूट चार इंच उंचीला बत्तीस इंच.

हे माप घेताना चुका फार होतात, म्हणून जरा सविस्तर. शिंप्याची टेप घ्यावी, जुनी ताणलेली नको. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, उघड्या अंगावर मोजावे. साडीच्या किंवा परकराच्या नाडीवरून मोजले तर माप चुकणारच. बाजूने चाचपडून शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड शोधावी आणि दोहोंच्या बरोबर मध्ये टेप धरावी. बहुतेकांत ही जागा बेंबीच्या आसपास किंवा किंचित वर येते. पाय जवळ, हात सैल, टेप जमिनीला समांतर. आरशात पाहावे किंवा घरच्या कोणाला पाहायला सांगावे, कारण पाठीमागे टेप हमखास घसरते. श्वास सहज बाहेर सोडला की आकडा वाचावा. पोट आत ओढू नये, टेप कातडीत रुतू देऊ नये. दोनदा मोजून सरासरी काढावी आणि महिन्यातून एकदा तारखेसह लिहून ठेवावी. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणाऱ्याची पँट ३४ ची असते आणि घेर ४० भरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष २५ बीएमआयच्या वर होते. त्याच पाहणीत कंबर आणि नितंबाच्या घेराचे गुणोत्तर पहिल्यांदाच मोजले गेले. त्यात धोक्याच्या पातळीवर सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष निघाले. काटा चौघांतल्या एकाला पकडतो, टेप निम्म्यांना.

आता कारणांकडे. ‘खातो फार, हलत नाही’ एवढ्यावर विषय संपवणे अन्यायाचे आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक असल्याचे दिसते. पण जनुके दोन पिढ्यांत बदललेली नाहीत, भोवताल बदलला. मुंबईतला दिवसच पाहा. कल्याण-बदलापूरहून किंवा विरारहून निघणारा माणूस सकाळी सहाची गाडी पकडतो, चहाबरोबर बिस्किटे खातो, दुपारी डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री दहाला भरपेट जेवण आणि साडेअकराला झोप. झोप पाच-साडेपाच तास. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन कमी होते. दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेल्याकडे हात जातो तो याच रसायनांमुळे. त्याला चोचले म्हणणे चूक आहे.

एका वडापावच्या साधारण ३०० किलोकॅलरी. वडापाव वाईट नाही. जेवणाऐवजी खाल्ला तर हिशेबात बसतो, पण सात वाजताचा वडापाव दहाच्या जेवणातून कोणी वजा करत नाही. कटिंगमध्ये दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम, दिवसाला पाच कटिंग म्हणजे पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गूळ घातल्याने यात काही फरक पडत नाही, गुळाच्या कॅलरी साखरेइतक्याच. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी आणि पन्नास ग्रॅम पिठाची पोळी यांच्या कॅलरी जवळपास सारख्या. भाकरी दोनच्या जागी चार खाल्ल्या तर भाकरीचा काय दोष? उपवासाचे तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवले आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट.

घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी मोजला जाणारा आकडा मात्र तेलाचा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी दिवसाला सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे जवळपास ३४० किलोकॅलरी नुसत्या तेलाच्या. बाहेरचे तळलेले, तूप, ओले खोबरे, दाणे वेगळे. तेच तीन लिटरवर आणले तर माणशी २५ मिलिलिटर होते आणि रोज सव्वाशेहून जास्त कॅलरी आपोआप वाचतात. बाटलीतून थेट कढईत तेल ओतणे बंद करावे, महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर बाजूला काढून ठेवावे आणि रोज चमच्याने घालावे. सुरमई-बांगडा रव्यात घोळवून तळण्याऐवजी चार दिवस कालवण, एक दिवस तव्यावर थोड्या तेलात. फोडणी बंद करायची गरज नाही.

दुसरी उणीव प्रथिनांची. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या ताटातल्या ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच असतात. तीस ग्रॅम डाळीची घट्ट आमटी किंवा तेवढ्याच कोरड्या मटकीची उसळ सहा-सात ग्रॅम देते, एक अंडे सहा, शंभर ग्रॅम मासा वीसच्या आसपास. प्रथिने कमी पडली की पोट लवकर रिकामे वाटते, आणि वजन उतरवताना स्नायू आधी जातो.

थायरॉइडवर खापर फोडण्याची पद्धत आहे. थायरॉइड खरोखर मंदावले असेल तरी त्याने वाढणारे वजन बहुधा तीन ते पाच किलो असते, त्यातही बराच भाग पाणी. तपासणी करावी, गोळी लागली तर घ्यावी, पण वीस किलोचे उत्तर तिथे नसते. औषधांकडे मात्र दुर्लक्ष होते. स्टिरॉइड, मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचे ओलान्झापीन यांनी वजन वाढते. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना पर्याय विचारावा. सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. चेहरा गोल होत असेल, पोटावर जांभळट रुंद पट्टे उठत असतील आणि हातपाय बारीक होत असतील तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

परिणामांची यादी लांब आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार सर्वांना ठाऊक आहेत. ज्यांच्याकडे काणाडोळा होतो त्यांच्याबद्दल बोलतो. सोनोग्राफीच्या अहवालावर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहून येते आणि ‘सगळ्यांनाच असते’ म्हणून फाईल बंद होते. दारूचा थेंबही न घेणाऱ्यांत हे यकृत पुढे घट्ट होत जाऊ शकते. वय, रक्ततपासणीतले एसजीओटी व एसजीपीटी (यकृताची विकरे) आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृत कितपत घट्ट झाले असावे याचा अंदाज निघतो. तो काढून मागावा. वजन सात ते दहा टक्के उतरले तर यकृतातली सूजही उतरू शकते. याला दुसरे औषध शोधत बसण्यापेक्षा हे आधी करावे.

दुसरी गोष्ट घोरण्याची. गळ्याभोवतीची चरबी झोपेत श्वासनलिका दाबते, श्वास काही सेकंद थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि हे रात्रीत शेकडो वेळा घडू शकते. सकाळी डोके जड, दिवसा गाडीत बसताच डुलकी, रक्तदाब तीन गोळ्यांनीही आटोक्यात नाही, आणि गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, असे असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. टॅक्सी, बस, ट्रक चालवणाऱ्यांच्या घरच्यांनी हे विशेष मनावर घ्यावे.

गुडघ्यांवर प्रत्येक पावलाला शरीराच्या जादा किलोमागे सुमारे चार किलोचा भार येतो. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलो कमी. स्त्रियांत पाळी अनियमित होणे, पीसीओएस (बीजांडकोषाचा संप्रेरकांशी निगडित विकार), गर्भारपणातला मधुमेह. तेरा प्रकारच्या कर्करोगांशी लठ्ठपणाचा संबंध असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले, त्यांत रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग येतो.

मुलांबद्दल एकच खूण सांगतो. मानेवर, काखेत कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड झालेली दिसते. आया ती मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो, इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते. घासू नये, मुलाला ओरडू नये, बालरोगतज्ज्ञांकडून वजन, उंची, रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी.

मग करायचे काय? घेर जास्त भरला तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), रक्तातल्या चरबीपैकी ट्रायग्लिसराइड व एचडीएल, आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथून परत फिरता येते. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा, त्यासाठी रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी लागतात. तेलातल्या सव्वाशे, साखरेतल्या शंभर, संध्याकाळच्या वडापावाऐवजी मूठभर चण्यांनी दोनशे, आणि भाताची एक मूद कमी. गणित जुळते.

व्यायामाकडून चुकीची अपेक्षा ठेवल्याने लोक तो सोडतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी. तीन फेऱ्या भरभर मारल्या तरी दोनशे कॅलरी जेमतेम जळतात, वडापावाहून कमी. चालण्याचा खरा फायदा वेगळा आहे. स्नायू साखर शोषू लागतो, पोटातली चरबी आधी हलते, आणि उतरलेले वजन टिकते. बोलता येईल पण गाता येणार नाही असा वेग ठेवावा. आठवड्यातून दोनदा स्नायूंचे काम हवे. त्याला जिम लागत नाही, दहा बाय दहाच्या खोलीत खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठ-बस आणि भिंतीला हात लावून पंधरा वेळा दंड, असे तीन फेरे पुरतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी.

पाच-सहा महिन्यांनी वजन अडते. तेव्हा माणूस स्वतःला बोल लावतो. लेप्टिन घसरलेले असते, भूक वाढलेली असते आणि शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा जाळत असते. शरीर गेलेले परत मिळवू पाहते, त्यात मनाच्या दुबळेपणाचा संबंध नाही. अडलेले वजन तसेच धरून ठेवणे हेही यशच आहे. घेर कमी होत असेल तर काट्याकडे पाहूही नये.

टिरझेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्याकडे आली. ती खरी औषधे आहेत, सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्के वजन उतरल्याचे चाचणीत दिसले. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश परत आले. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे, क्वचित स्वादुपिंडाची सूज होऊ शकते, गर्भारपणात ती चालत नाहीत. लग्नाआधी दोन महिने म्हणून, मैत्रिणीने घेतले म्हणून, चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

आता दोन मागण्या. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात, ‘आपला दवाखाना’सकट, रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक टेप असावी आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या केसपेपरवर रक्तदाबाखाली घेराचा आकडा लिहिला जावा. एका माणसामागे एक मिनिट लागते, आणि टेप एका वडापावच्या किमतीत येते.

दुसरी मागणी या कागदांबद्दल. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या परिशिष्टात लठ्ठपणाचे नाव स्पष्ट आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत पत्रकेही येतात. आपल्या वितरकांनी अशी पत्रके अंकात घालणे थांबवावे, ही आपल्याला विनंती. वाचकांनी पत्रक फेकून न देता त्यावर मिळाल्याची तारीख आणि ठिकाण लिहावे, दोन्ही बाजूंचा फोटो काढावा आणि मूळ कागद तक्रारीसोबत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा. पुडी किंवा गोळी घेतली असेल तर ती पाकिटासकट जपून ठेवावी. छपाई करणाऱ्याचे नाव बहुधा अगदी खाली, बारीक अक्षरात असते. तेही तक्रारीत उतरवावे, आणि नसेल तर नाही असे लिहावे.

आपले,
लठ्ठपणा व मधुमेह या क्षेत्रांत काम करणारे काही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ,
दादर, मुंबई